फ्लड कोर्टात हरला, मग बेसबॉलपटू मोकळे कसे झाले?

शॉर्टस्टॉप: बेसबॉलपटू कर्ट फ्लडचा रिझर्व्ह क्लॉजविरुद्धचा (खेळाडूला एकाच क्लबशी बांधून ठेवणाऱ्या कलमाविरुद्धचा) खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1972 मध्ये 5 विरुद्ध 3 मतांनी फेटाळला. तरी 1976 पासून फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या क्लबशी करार करायची मुभा आली. मधे कायदा तर बदलला नाही. मग खेळाडूंच्या युनियनने नेमकं काय केलं? आणि ही मुभा मेजर लीगमध्ये (सर्वोच्च स्तरावर) सहा वर्षं खेळल्यावरच, ही अट मालकांनी लादली की युनियननेच मान्य केली?

डावखुरा: काम झालं ते करारातल्या कलमामुळे. मार्विन मिलर 1966 मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधून खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख म्हणून आले. 1968 च्या पहिल्या सामूहिक कराराने किमान वेतन 6,000 वरून 10,000 डॉलर झालं, लोकांना तेवढंच आठवतं. माझ्या मते 1970 चा करार त्याहून मोठा. तोवर तक्रारींवर शेवटचा शब्द कमिशनरचा, म्हणजे लीगच्या प्रमुखाचा, आणि त्याला नेमणारे मालकच. त्या करारापासून निवाडा तटस्थ लवादाकडे गेला.

आता रिझर्व्ह क्लॉज बघा. खेळाडूने सही केली नाही, तर क्लबला जुना करार एक वर्ष वाढवता येई. मालक म्हणत, वाढवलेल्या करारात हे कलमही आलंच, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा वाढवू. असं कायमचं. अँडी मेसरस्मिथ 1975 चा अख्खा हंगाम सही न करता खेळले. डेव्ह मॅकनॅली मधेच निवृत्त झाले, पण सही त्यांनीही केली नव्हती. 23 डिसेंबरला लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झना लगेच काढलं आणि कोर्टात धाव घेतली. तिथे ते हरले, कारण लवाद मान्य असल्याची सही त्यांचीच होती.

नववी इनिंग: सहा वर्षं मिलर यांनी विचार करूनच मान्य केली. सगळे खेळाडू दरवर्षी एकदम बाजारात आले तर भाव पडणार. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली नेमकं हेच सुचवत होते, 'सगळ्यांनाच मोकळं करा'. बाकीच्या मालकांनी ऐकलं नाही, हे खेळाडूंचं नशीब. सरासरी वेतन 1975 मध्ये 44,676 डॉलर होतं, 1980 मध्ये 1,43,756.

पण त्याच अटीत पळवाट आहे. मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि हंगाम साधारण 187 दिवसांचा. तयार खेळाडूला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) ठेवलं की क्लबला तो आणखी एक हंगाम मिळतो. 2015 मध्ये नवख्या क्रिस ब्रायंटचे 171 दिवस भरले, एकच कमी. त्याची तक्रार 2020 मध्ये लवादाने फेटाळली. 2022 च्या करारात थोडी डागडुजी झाली: रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्या खेळाडूच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. मला हे अपुरं वाटतं. दिवस मोजण्याची पद्धत तशीच राहिली.

शॉर्टस्टॉप: आणि मायनर लीगवाले?

डावखुरा: ते कित्येक दशकं युनियनबाहेरच राहिले, या वारशातली ही सर्वांत मोठी उणीव. 2022 मध्ये बहुसंख्य खेळाडूंनी सदस्यत्वाच्या कार्डांवर सह्या केल्या आणि लीगने निवडणूक न घेता युनियनला मान्यता दिली. 2023 च्या पहिल्या कराराने ट्रिपल-एचं (मायनर लीगमधल्या सर्वांत वरच्या स्तराचं) किमान वार्षिक वेतन 17,500 वरून 35,800 डॉलरवर नेलं.