मदत हवी आहे : सोयाबीनच्या गाठीतल्या जिवाणूचं जनुक-नियमन नेटवर्क केलं, पण निफ-ए सापडेना

नमस्कार मंडळी,

लातूरहून लिहितेय. बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष आहे, आणि प्रबंधाच्या मधोमध गाडी रुतली आहे. जिवाणूंच्या जनुक-नियमनावर कुणी काम केलं असेल तर थोडा वेळ द्या, ही विनंती. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आधी हा विषय का धरला ते सांगते. आमची शेती औसा तालुक्यात, खरिपात सोयाबीन. पेरणीच्या दिवशी सकाळी बाबा १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम या हिशेबानं रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवतात, हलक्या हातानं बियाण्याला चोळतात आणि सावलीत सुकवतात. महिन्याभरानं दोन-तीन झाडं मुळासकट उपटायची, काळी माती बादलीत धुवायची आणि मुळावरची गाठ नखानं फोडून बघायची, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. "आतून लाल निघाली की काम चालू हाय म्हणायचं. पांढरी निघाली तर नुस्ती बसून खायलीय," हे बाबांचं वाक्य.

तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीत मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवायचं काम ते करतं, कारण हवेतला नत्र पकडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागला की बिघडतं. म्हणजे मातीत मोकळं फिरताना ही जनुकं बंद आणि गाठीत शिरल्यावर चालू, हे त्या जिवाणूला नेमकं साधावं लागतं. ते कुणाच्या हुकमानं होतं याचा नकाशा संगणकावर काढायचा, हा माझा प्रबंध. सर म्हणत होते ई. कोलाय (आतड्यातला, भरपूर अभ्यासलेला जिवाणू) घे, माहिती भरपूर आहे. मी हट्टानं सोयाबीनचा जिवाणू घेतला.

जिवाणू ब्रॅडिरायझोबियम डायझोएफिशिएन्स, वाण यूएसडीए ११०. (जुन्या लेखांत जॅपोनिकम म्हणून सापडेल, नाव २०१३ मध्ये बदललं.) जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला, सुमारे ९१ लाख बेस (डीएनएची अक्षरं) आणि ८,३०० च्या वर जनुकं. ई. कोलायच्या जवळजवळ दुप्पट.

सार्वजनिक साठ्यांतून आरएनए-सिक्वेन्सिंगचे (कोणत्या जनुकाचा आरएनए किती बनतोय ते मोजणारे) मिळतील तेवढे नमुने जमवले, सगळे एका पद्धतीनं मोजून घेतले आणि जिनी-थ्री चालवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : प्रत्येक जनुकासाठी एक वेगळं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांचं मॉडेल) बांधायचं, सगळ्या नियामकांच्या (इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्यांच्या) पातळीवरून त्या जनुकाची पातळी ओळखायला लावायची, आणि ज्या नियामकाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला त्याच्याकडून त्या जनुकाकडे जाडसर बाण काढायचा. असे सगळे बाण वजनानुसार एका यादीत.

यादी आली आणि मी सगळ्यात आधी निफ-ए शोधलं. निफ-ए हा नत्र-स्थिरीकरणाचा मुख्य नियामक. निफ-एच, निफ-डी, निफ-के ही नायट्रोजिनेजची जनुकं तोच उघडतो, हे प्रयोगशाळांत कधीच सिद्ध झालेलं आहे. माझ्या यादीत निफ-ए ते निफ-एच हा बाण पहिल्या हजारातसुद्धा नाही. वर काय आहे? एक तर एकाच ऑपेरॉनमधल्या (लागून असलेल्या जनुकांच्या गटातल्या) शेजारणी, ज्या एकाच आरएनएवर लिहिल्या जातात म्हणून बरोबरीनं वर-खाली होतात. दुसरं म्हणजे असे नियामक, ज्यांच्याकडून गाठीत चालू होणाऱ्या झाडून सगळ्या जनुकांकडे बाण गेलेत.

सॉफ्टवेअरची चूक असेल म्हणून ई. कोलायच्या डेटावर तेच चालवलं आणि रेग्युलॉन-डीबी या ई. कोलायच्या नियमनाच्या साठ्यातल्या सिद्ध झालेल्या जोड्यांशी ताडून पाहिलं. तिथे बऱ्यापैकी जुळतं. त्यामुळे गडबड माझ्या डेटात किंवा माझ्या समजुतीत आहे.

मला शंका आहे ती अशी. निफ-एचा आरएनए थोडाफार हवेतही बनतो, पण प्रथिन ऑक्सिजन असला की निष्क्रिय. फिक्स-के-टू या दुसऱ्या नियामकाचंही तसंच, प्रथिन तयार झाल्यावर त्यातलं सिस्टीन हे एक अमिनो आम्ल ऑक्सिडाइझ झालं की ते डीएनएला धरत नाही. नॉड-डी-वन या नियामकाला सोयाबीनच्या मुळातून पाझरणारं जेनिस्टीन लागतं. म्हणजे नियामकाचा आरएनए किती आहे आणि नियामक कामावर आहे का, या दोन वेगळ्या गोष्टी. मी पहिली मोजतेय आणि निष्कर्ष दुसरीचा काढतेय. पाकीट घरात आहे म्हणून पेरणी झाली असं होत नाही ना!

तर प्रश्न असे. नियामकाच्या आरएनएवर विसंबून न राहता हे नेटवर्क काढता येतं का? आणि ई. कोलायचं नेटवर्क समकक्ष जनुकं शोधून इथे आणावं, असं दोघा-तिघांनी सुचवलं, ते कितपत धरावं? मला धास्ती वाटते, कारण लोहाचं नियमन ई. कोलायमध्ये प्रामुख्यानं फर हा नियामक करतो, तर इकडे इर हा नियामक ते सांभाळतो, आणि हीम (लोह असलेला रेणू) चिकटलं की तो मोडीत निघतो. नकाशा उचलून आणला तर लोहाचा सगळा भागच चुकेल.

प्रबंध द्यायला अडीच महिने आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद (नांदेडहून)

ताई, प्रश्न नीट मांडलात. उत्तर देण्याआधी एक विचारतो : नमुने किती वेगवेगळ्या प्रयोगांतून आलेत? आणि पडताळणीसाठी बाजूला काढलेले नमुने सरमिसळ करून काढले की अख्खा प्रयोग बाजूला ठेवला?

धागाकर्ती

दादा, प्रयोग अकरा. नमुने सरमिसळ करून पाच भाग केले. आलेख काढला तर सरळ दोन पुंजके दिसतात, एकीकडे गाठीतले, एकीकडे पोषक द्रवात वाढवलेले. मधे फारसं काहीच नाही.

प्रतिसाद (नांदेडहून)

मग निम्मं उत्तर त्या दोन पुंजक्यांतच आहे. गाठीत चालू होणारी शेकडो जनुकं आणि तिथेच वाढणारे सगळे नियामक, यांतल्या कुणाचीही कुणाशी जोडी जमेल. रँडम फॉरेस्टला निफ-ए निवडायचं काही कारणच उरत नाही, त्याच्यासारखे वीस पर्याय समोर आहेत. प्रत्येक प्रयोगातल्या नमुन्याचं त्याच प्रयोगातल्या कंट्रोलशी गुणोत्तर घ्या आणि लॉग करून तेच वापरा. पडताळणीला एक अख्खा प्रयोग बाहेर ठेवा, असं अकरा वेळा. सरमिसळ केली की एकाच प्रयोगशाळेची जुळी भावंडं दोन्ही बाजूंना बसतात आणि गुण फुकट वाढतात.

ऑपेरॉनचं सोपं आहे. जनुकाऐवजी ऑपेरॉन हे एकक धरा, बाण फक्त ऑपेरॉनच्या पहिल्या जनुकाकडे काढा.

आता मुख्य गोष्ट. तुमची शंका अगदी बरोबर आहे. नियामक कामावर आहे का, हे त्याच्या आरएनएवरून न विचारता त्याच्या सिद्ध झालेल्या लक्ष्यांवरून विचारा. निफ-डी, निफ-के, फिक्स-ए वगैरे ज्या नमुन्यात एकत्र वर गेलीत तिथे निफ-ए कामावर आहे, असं धरून प्रत्येक नमुन्यासाठी निफ-एच्या सक्रियतेचा एक आकडा काढता येतो. नेटवर्क कॉम्पोनंट ॲनालिसिस ही पद्धत २००३ पासून हेच करते. मग जिनी-थ्रीला निफ-एचा आरएनए न देता हा आकडा द्या. अट एकच : ज्या लक्ष्यांवरून आकडा काढला ती परीक्षेत धरायची नाहीत. निफ-एच मुद्दाम झाकून ठेवा आणि पद्धत ते स्वतःहून शोधते का पाहा.

आधीची माहिती अजिबात न देता करायचं तर इंडिपेंडंट कॉम्पोनंट ॲनालिसिस आहे. २०१९ मध्ये ई. कोलायच्या २७८ नमुन्यांतून संशोधकांनी एकत्र हलणारे ९२ गट काढले आणि बरेचसे गट माहीत असलेल्या नियामकांशी जुळले. पण तुमच्याकडे दोनच पुंजके असताना गट दर वेळी वेगळे येतील, म्हणून प्रबंधाचा डोलारा त्यावर उभा करू नका.

दुसरा पुरावा डीएनएमधून घ्या, तो आरएनएच्या डेटापासून स्वतंत्र असतो. निफ-ए जिथे बसतो तिथे टीजीटी, मग कोणतेही १० बेस, मग एसीए असा क्रम असतो. पण नुसता हा शोधू नका. ठरलेली अक्षरं सहाच, म्हणजे योगायोगानं दर ४,०९६ बेसमागे एकदा. तुमच्या जिवाणूत जी आणि सी ही अक्षरं ६४ टक्के असल्यामुळे हा क्रम थोडा दुर्मिळ होतो, तरी ९१ लाख बेसमध्ये निव्वळ योगायोगानं हजाराच्या आसपास जागा निघतील. निफ-ए सिग्मा-५४ (जनुकाचं वाचन सुरू करून देणारं प्रथिन) सोबत काम करतो, म्हणून जनुकाच्या सुरुवातीला उणे २४ आणि उणे १२ चा प्रमोटर (वाचन सुरू होण्याच्या २४ आणि १२ बेस आधीचा क्रम) आहे आणि त्याच्या शंभरेक बेस वरच्या अंगाला ही जागा आहे, असं दोन्ही मिळून मागा. यादी एकदम आखडेल.

ई. कोलायचं नेटवर्क उचलून आणू नका, लोहाचं उदाहरण तुम्हीच दिलंत. समकक्ष नियामक घ्यायचाच तर त्याची बसायची जागा दोन्हीकडे सारखी आहे का बघून घ्या.

आणि अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो, म्हणजे रात्री झोप लागेल. ई. कोलायमध्ये साधारण ३०० नियामक आणि ४,३०० जनुकं धरली तरी जवळपास १३ लाख संभाव्य जोड्या होतात आणि खऱ्या म्हणून माहीत आहेत त्या काही हजार. ड्रीम-फाइव्ह या नेटवर्क काढण्याच्या स्पर्धेत अनेक गटांच्या पद्धती एकत्र करून ई. कोलायसाठी सुमारे १,७०० बाणांचं नेटवर्क काढलं, अचूकता अंदाजे ५० टक्के. नवे ५३ बाण प्रयोगशाळेत तपासले, त्यातल्या २३ ना आधार मिळाला. २०१२ चं हे काम आहे आणि जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या जिवाणूवरचं. म्हणून एयूआरओसी (खरे-खोटे बाण वेगळे काढण्याचा एकूण गुण) छापू नका, १३ लाखांत तो आकडा उगाच देखणा दिसतो. प्रिसिजन-रिकॉलचा (काढलेल्यांत खरे किती, आणि खऱ्यांतले सापडले किती) आलेख द्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. चार दिवस गप्प होते कारण करत बसले होते. आमच्याकडं रात्री लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे ऑनलाइन नोटबुकवरचा रन दोनदा अर्ध्यात तुटला. शेवटी ऑपेरॉनवार तुकडे करून चालवला आणि प्रत्येक तुकड्याचं उत्तर साठवत गेले.

निफ-एच झाकून ठेवलं होतं. निफ-एच्या सक्रियतेच्या आकड्यानं ते वर आणलं, माझ्या यादीत सतराव्या क्रमांकावर. अकरापैकी आठ प्रयोग एकेक करून बाहेर ठेवले तेव्हा ते पहिल्या पन्नासात राहिलं. उरलेल्या तीनमध्ये घसरलं, आणि ते तिन्ही असे आहेत की त्यात गाठीतले नमुने नाहीतच, सगळे द्रवात वाढवलेले. तिथे निफ-ए जागा झालेलाच नसेल तर बाण दिसणार तरी कसा? हे तीन प्रयोग निफ-एच्या पडताळणीतून वगळले तर ती लबाडी ठरेल का, की कारण आधी लिहून ठेवून वगळणं चालतं?

तोपर्यंत सिग्मा-५४ ची जागा आणि निफ-एची जागा दोन्ही असलेल्या ऑपेरॉनची यादी काढतेय. आत्तापर्यंत तीत काम माहीत नसलेली चार जनुकं आली आहेत, चारही सहजीवनाची जनुकं जिथे एकवटली आहेत त्या ६८१ हजार बेसच्या पट्ट्यात. त्यांतल्या दोघींचं वजन जिनी-थ्रीच्या नव्या यादीतही वर आहे.