प्रतिसाद: फर्स्ट चान्स एक्सेप्शन म्हणजे क्रॅश नव्हे

डिबगरच्या (प्रोग्रॅम थांबवून चुका शोधायच्या साधनाच्या) आउटपुट खिडकीत 'फर्स्ट चान्स एक्सेप्शन'च्या ओळी येतात, मग प्रोग्रॅम चालतो कसा, हा मूळ प्रश्न. त्या ओळींकडे 'दुर्लक्ष करा' हा आधीच्या उत्तरातला सल्ला मला अर्धाच पटतो.

विंडोजवर एक्सेप्शन (चालू प्रोग्रॅममधली अडचण) उठलं की प्रोग्रॅमच्या हँडलरआधी (ती हाताळणाऱ्या कोडआधी) डिबगरला कळवलं जातं. ही पहिली संधी. डिबगरने 'मी हाताळलं नाही' म्हटलं की हँडलर शोधले जातात. एकही सापडला नाही, तरच दुसरी संधी, आणि खरा क्रॅश तो.

ओळीतला एक्सेप्शनचा कोड (क्रमांक) आधी वाचा. ई०६डी७३६३ म्हणजे व्हिज्युअल सी++चा साधा थ्रो, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतः उठवलेलं एक्सेप्शन (शेवटचे तीन बाइट आस्कीत 'एमएससी'). सी००००००५ म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावणं); ते कुठेतरी कॅच होत (हाताळलं जात) असलं तरी सोडू नका.

थ्रोचं मूळ हवं असेल तर विनडीबीजीत (विंडोजच्या एका डिबगरमध्ये) 'एसएक्सई ईएच' ही थ्रो होताच थांबण्याची आज्ञा द्या, थांबल्यावर 'के'ने स्टॅक (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं ती यादी) पाहा. कॅचमध्ये ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून उपयोग नाही, तोवर आतल्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर (आवराआवर करणारी फंक्शन्स) चालून गेलेले असतात. पुढे जाताना 'जीएन' ('मी हाताळलं नाही' सांगून पुढे) वापरा. 'जीएच' दिलंत तर एक्सेप्शन हाताळलं असं धरून अंमल थ्रोच्या पुढे सरकतो. तिथून परत येणं कंपायलरने गृहीतच धरलेलं नसतं, त्यामुळे भलताच क्रॅश हाती येतो.

व्हिज्युअल स्टुडिओत हेच कंट्रोल-ऑल्ट-ई दाबून, हव्या त्या प्रकारापुढे टिक करून होतं.

आणि लूपमध्ये हजारो थ्रो असतील तर डिबगरखाली प्रोग्रॅम रखडणारच: दर वेळी प्रोग्रॅमचे सगळे थ्रेड (समांतर चालणारी कामं) थांबवून डिबगरला विचारलं जातं.