रोम करारातून माघार: अभिरूप संसदेत ठराव नेमका कसा मांडायचा?

शाहूपुरी_वादसभा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पुढच्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन अभिरूप संसद आहे. आमच्या संघाला विषय आलाय: "आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून देशाने माघार घ्यावी." आम्ही सरकारी बाकांवर. भारताची संसद धरून बोलायचं की दुसऱ्या देशाची? ठराव मंजूर झाला की देश त्याच दिवशी बाहेर पडतो का? आणि ज्या प्रकरणांत चौकशी आधीच सुरू झालीय, त्यांचं काय होतं? ठरावाचा मसुदाही लिहायचाय, त्यामुळे तारखा आणि कलमं मिळाली तर फार मदत होईल.

विधी_कसबा_बावडा

भारताची संसद धरू नका. हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं तो रोम करार, आणि भारताने त्यावर सहीच केलेली नाही, त्यामुळे माघार कशातून घेणार? 17 जुलै 1998 ला रोममध्ये मतदान झालं तेव्हा 120 देश बाजूने, 7 विरोधात आणि 21 तटस्थ होते. भारत तटस्थांत होता. सभापतींकडे देश ठरवून मागा. हंगेरी किंवा दक्षिण आफ्रिका घेतलात तर कागदपत्रं भरपूर मिळतील.

आता मुख्य गोष्ट. संसदेच्या मताने देश बाहेर पडत नाही. करारातलं कलम 127 सांगतं की संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे लेखी सूचना द्यायची, आणि ती मिळाल्यापासून एक वर्षाने माघार लागू होते. सूचनेत त्यापुढची तारीख घालता येते, वर्षाच्या आतली नाही. हंगेरीच्या संसदेत 20 मे 2025 ला मतदान झालं: 134 बाजूने, 37 विरोधात, 7 तटस्थ. सूचना पोचली 2 जूनला. म्हणून घड्याळ सुरू झालं 2 जूनपासून, 20 मेपासून नव्हे. सप्टेंबर 2025 मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी "तात्काळ" माघार जाहीर केली, पण करारात तात्काळ अशी सोयच नाही. तुमच्या मसुद्यात "हा ठराव मंजूर होताच" असे शब्द आले तर विरोधक पहिल्याच मिनिटाला तुम्हाला धरतील.

केनियाचंही बघून ठेवा. तिथल्या राष्ट्रीय सभेने सप्टेंबर 2013 मध्ये माघारीच्या बाजूने मत दिलं, पण पत्र न्यूयॉर्कला गेलंच नाही. केनिया सभासदच राहिला.

चालू प्रकरणांबद्दल: आपल्याकडच्या सहकारातलं उदाहरण घ्या, कोल्हापूरच्या परीक्षकांना लगेच कळेल. सहकार कायद्याच्या कलम 33 नुसार संस्थेचं सभासदत्व सोडलं तरी त्या दिवशीच्या देण्यांची जबाबदारी दोन वर्षं राहते. कलम 127(2) चा पाया तोच आहे: सभासद असताना अंगावर आलेली कर्तव्यं, थकलेली वर्गणीसुद्धा, सुटत नाहीत. माघार लागू होण्याआधी सुरू झालेल्या तपासात सहकार्य द्यावं लागतं, आणि न्यायालयासमोर आधीच विचारात असलेला विषय पुढे चालू राहतो. फरक एवढाच की इथे दोन वर्षांची मर्यादा नाही.

बुरुंडी हे सगळ्यात बोलकं उदाहरण. तिथली माघार 27 ऑक्टोबर 2017 ला लागू व्हायची होती. न्यायाधीशांनी 25 ऑक्टोबरला, दोन दिवस आधी, तपासाला गुप्तपणे परवानगी दिली आणि ती 9 नोव्हेंबरला जाहीर केली. एप्रिल 2015 पासून तिथे जी माणसं मारली गेली, गायब झाली, त्यांच्या घरच्यांसाठी ते दोन दिवस म्हणजे सगळं काही होतं.

रंकाळा_संध्याकाळ

एक भर. हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणाचा निकाल 17 जुलै 2019 ला दिला तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, जिथे देश देशावर दावा करतो. तुमचा विषय फौजदारी न्यायालय आहे, तिथे आरोपी व्यक्ती असते. भाषणात या दोघांची गल्लत फार होते आणि गुण तिथेच जातात.

शाहूपुरी_वादसभा

दोघांचे मनापासून आभार. फिलिपिन्सचं कोडं मात्र सुटेना. ते 17 मार्च 2019 ला बाहेर पडले. तपासाला परवानगी मिळाली सप्टेंबर 2021 मध्ये, म्हणजे बाहेर पडल्यानंतर. मग मार्च 2025 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना अटक करून हेगला नेलं ते कशाच्या आधारावर? बुरुंडीत निदान परवानगी आधी होती.

पंचगंगा_घाट

बरोबर जागी बोट ठेवलंत. प्राथमिक चौकशी, म्हणजे तपास करायचा का हे ठरवण्याआधीची पडताळणी, फेब्रुवारी 2018 मध्येच उघडली होती, माघारीची सूचना गेली त्यानंतर, मार्चमध्ये. वाद हा होता की प्राथमिक चौकशी म्हणजे "विचारात असलेला विषय" धरायचा का. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायाधीशांनी दुतेर्ते यांचा अधिकारक्षेत्रावरचा आक्षेप फेटाळला. तपासाची मुदतही 16 मार्च 2019 पर्यंतच्या कृत्यांपुरतीच आहे, म्हणजे सभासदत्वाच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

दुसरा धागा लोक विसरतात तो म्हणजे देशातला कायदा. फिलिपिन्सने 2009 मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा स्वतःचा कायदा केला, क्रमांक 9851. त्याच्या कलम 17 मध्ये आरोपीला हेगच्या फौजदारी न्यायालयासारख्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवण्याची मुभा आहे. करार सोडला, पण हा कायदा रद्द केला नाही. सरकारने त्याच कलमाचा आधार घेतला. तेव्हा तुमचा ठराव प्रामाणिक असेल तर त्यात दोन कामं वेगळी दिसली पाहिजेत: सूचना पाठवण्याची मंजुरी, आणि देशातल्या कायद्याचं काय करायचं याचं वेगळं विधेयक.

क्रमही उलटा करू नका. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ऑक्टोबर 2016 मध्ये संसदेला न विचारता सूचना धाडली. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 ला ती घटनाबाह्य ठरवली, कारण करार संसदेच्या मंजुरीने स्वीकारला होता आणि तो सोडायलाही आधी तीच मंजुरी हवी. 7 मार्चला सरकारला सूचना मागे घ्यावी लागली. गांबियानेही फेब्रुवारी 2017 मध्ये, सरकार बदलल्यावर, मागे घेतली. त्या वर्षभरात परतीचा रस्ता उघडा असतो, हे विरोधकांना माहीत असणार.

विधी_कसबा_बावडा

आणि सरकारी बाकांसाठी एक गोष्ट, कारण मुलं हमखास "न्यायालय पक्षपाती आहे" एवढंच ओरडून थांबतात. त्याहून भक्कम मुद्दा सुरक्षा परिषदेचा आहे. अमेरिका, रशिया आणि चीन स्वतः सभासद नाहीत, तरी परिषदेत बसून इतरांची प्रकरणं न्यायालयाकडे पाठवू शकतात. सुदान 2005 मध्ये आणि लीबिया 2011 मध्ये असाच गेला, आणि दोन्ही देश सभासद नव्हते. भारताचा 1998 मधला एक मोठा आक्षेप याच अधिकारावर होता. तो मुद्दा खरा आहे, ठामपणे मांडा.

पण मांडताना ध्यानात असू द्या की तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो. बाहेर पडूनही परिषदेचा रस्ता बंद होत नाही. शिवाय तुमच्या माणसाने सभासद देशाच्या भूमीवर गुन्हा केला तरी अधिकारक्षेत्र लागतं. म्यानमार सभासद नाही, बांगलादेश आहे. रोहिंग्यांना सीमेपार हाकलल्याच्या प्रकरणात नोव्हेंबर 2019 मध्ये तपासाला परवानगी मिळाली ती याच आधारावर.

मसुद्याचं पहिलं कलम असं ठेवा: "हे सभागृह सरकारला करारातील कलम 127 नुसार माघारीची लेखी सूचना देण्यास मंजुरी देते; सूचना लागू होईपर्यंतच्या सर्व जबाबदाऱ्या देश पार पाडील." दुसरं वाक्य स्वतःच घाला. नाहीतर विरोधक ते दुरुस्ती म्हणून आणतील, आणि त्या दुरुस्तीच्या विरोधात मत द्यायला तुमच्याकडे कारण उरणार नाही.