नांदूर मध्यमेश्वर: जानेवारीत, मुलं आणि आजी-आजोबांसह (वेळ, वाट, दुर्बीण)

ठाणे_पश्चिम
जानेवारीतल्या एका रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जायचं ठरतंय. शनिवारी दुपारी ठाण्याहून निघून नाशिकला मुक्काम, रविवारी पहाटे पक्षी अभयारण्य, संध्याकाळपर्यंत परत. गाडीत सहा जण. त्यात सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं, सासूबाई (गुडघ्यांचा त्रास, जिने फार नकोत) आणि सासरे. पक्ष्यांची ओळख म्हणाल तर बगळा आणि खंड्यापर्यंत. नेटवर कुणी 'हजारो पक्षी' लिहितं, कुणी 'काहीच दिसलं नाही, पैसे वाया'. एकाच जागेबद्दल इतका फरक कसा? किती वाजता पोहोचावं, नकाशावर नेमकं कुठलं ठिकाण टाकावं आणि दुर्बीण घ्यायची झाल्यास कोणती, एवढं सांगा.

गोदाकाठ
फरक पडतो तो पाण्याच्या पातळीमुळे. हे एक कळलं की बाकीचं नियोजन सोपं होतं.

हे नैसर्गिक तळं नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बांधलेला हा बंधारा. शंभराहून जास्त वर्षं नद्यांनी गाळ आणून टाकला, त्यामुळे पाणसाठा उथळ झाला, मधे बेटं तयार झाली, काठाला पाणकणीस माजलं. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा तोटा, पक्ष्यांच्या दृष्टीने मेजवानी. १९८६मध्ये अभयारण्य झालं आणि २०२०च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं.

आता पातळीचं गणित. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही मंडळी बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपटी वर करून तळ चाळतात. त्यांना वीतभर ते हातभर पाणी लागतं. लांब पायांच्या शेकाट्याला पोटरीभर, तर तुतवार आणि चिखल्यांना नुसता ओला चिखल. वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून कालव्याच्या आवर्तनासाठी (शेतीला पाळीने पाणी देण्यासाठी) पाणी सुटलं की बंधाऱ्यात पातळी चढते. चिखलाचे पट्टे बुडतात, चिखलातले पक्षी उठून जातात आणि बदकं लांब पांगतात. त्याच आठवड्यात गेलेला माणूस घरी येऊन 'काहीच नाही' लिहितो. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि पक्षी काठाशी येतात.

म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी नाशिकच्या वर्तमानपत्रांत आवर्तन किंवा विसर्गाची बातमी आहे का बघा. त्याहून सोपं म्हणजे तिथल्या गाईडला फोन करून एकच प्रश्न विचारा: 'पाणी चढतंय की उतरतंय?' ईबर्डवर (पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींचं संकेतस्थळ) या जागेचं पान आहे, त्यावर शेवटच्या पंधरा दिवसांतल्या नोंदी चाळा. वर्षभराची एकत्र यादी बघू नका. तिच्यात पावसाळ्यातले पक्षीही येतात आणि अपेक्षा भलतीकडे जाते.

जानेवारी निवडलात ते चांगलं. ऑक्टोबरात बदकं आलेली असतात, पण नरांचा विणीचा रंग अजून चढलेला नसतो, सगळीच मातकट तपकिरी. नवख्याला थापट्याची चपटी चोच सोडली तर काही ओळखू येत नाही. डिसेंबरपर्यंत नर रंगात येतात, मग मुलांनासुद्धा चित्रावरून ओळखता येतात.

सिन्नरकर
वाटेचं मी सांगतो, कारण नकाशा इथे बरोब्बर फसवतो.

'नांदूर मध्यमेश्वर' टाकलंत तर गावात आणि बंधाऱ्यापाशी पोहोचाल. तिथे मध्यमेश्वराचं देऊळ आहे, तेही बघण्यासारखं, पण पक्षी बघायचे मनोरे आहेत ते चापडगावला. आणि चापडगाव नावाची गावं एकाहून जास्त आहेत, सिन्नर तालुक्यातही एक आहे. 'निफाड तालुका' लिहिल्याशिवाय रस्ता सुरू करू नका.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून उजवीकडे सायखेडा आणि पुढे चापडगाव. साधारण चाळीस किलोमीटर, पण तासाच्या वर वेळ धरा. जानेवारीत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर गोदाकाठचं धुकं. साठच्या पुढे काटा नको. ज्यांना नाशिकला मुक्काम करायचा नाही त्यांना समृद्धीने सिन्नरजवळच्या गोंद्याला उतरून सिन्नर-निफाड रस्ता धरता येतो. मात्र मुंबई-आग्रा महामार्गावर वाडीवऱ्हेजवळही एक गोंदे आहे, गोंदे दुमाला. दोन्हींत घोळ नको.

गेटवर पावती फाडावी लागते, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे. सुटे पैसे ठेवा, ऑनलाइनवर विसंबू नका. चहा, नाश्ता आणि स्वच्छतागृह निफाड, सायखेडा किंवा सिन्नरलाच उरकून या. पाणी आणि कोरडा खाऊ सोबत ठेवा. वेफर्सची पाकिटं नकोत. आवाज करतात आणि वाऱ्याने थेट पाण्यात जातात. निफाडची थंडी हलकी समजू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत का येतं ते मनोऱ्यावरच्या वाऱ्यात कळेल. सासू-सासऱ्यांना कानटोपी हवीच.

काचभिंग
दुर्बिणीबद्दल. ८×४२ घ्या, १०×४२ नको. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास येतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये चार. धुक्यात आणि उजाडताना हा फरक जाणवतो. शिवाय दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे मुलांना उडणारा पक्षी सापडतच नाही. बाजारात '२०×५०', '३०×६०' असं छापलेल्या स्वस्त दुर्बिणी मिळतात, त्या घेऊ नका.

दुर्बीण लावायची रीत घरीच गच्चीवर शिकवा. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग उजव्या भिंगावर हात ठेवून फक्त डाव्या डोळ्याने पन्नासेक मीटरवरची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करायची. मग डावं भिंग झाकून तीच पाटी उजव्या डोळ्याने बघायची, पण आता मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवायची. झालं. यापुढे त्या माणसासाठी फक्त मधलं चाक. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप दुमडून किंवा फिरवून आत घ्यावेत, बिनचष्म्याच्यांनी बाहेर ठेवावेत. निम्म्या लोकांना 'काळं काळं दिसतंय' ते यामुळेच. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जवळ असतात, मोठ्यांच्या काही दुर्बिणी तेवढ्या जवळ येतच नाहीत. घेण्याआधी त्याच्या डोळ्याला लावून बघा.

थंडीत श्वासाने भिंगावर वाफ धरते. शर्टाच्या टोकाने पुसू नका, मिनिटभर तोंडापासून लांब धरा, आपोआप जाते.

खरं तर सहा जणांत एक दुर्बीण असेल तर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असलेला गाईड घेणं जास्त फायद्याचं. स्टँडवर बसवलेला स्कोप, पक्षी आधीच लावलेला, रांगेने डोळा टेकवायचा. सासूबाईंना दुर्बीण धरून हात दुखवायला नको. दोन गोष्टी मात्र पाळा. मनोऱ्यावर मुलं धावली की मजला हलतो आणि साठपटीवरचं चित्र थरथरायला लागतं. आणि दहाच्या पुढे जमीन तापली की पाण्यावरची हवा लहरते. तेव्हा स्कोप वीस-पंचवीस पटीवर खाली आणायचा. जास्त पट केली की पक्षी मोठा दिसतो, पण वितळल्यासारखा.

ठाणे_पश्चिम
फारच उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. धुकं असणार तर सूर्योदयाला पोचण्यात अर्थ आहे का? आणि ऑफिसात एक जण म्हणतो, नांदूर सोडा, भिगवणला जा, बोटीतून रोहित (फ्लेमिंगो) अगदी जवळून दिसतात. मुलांना तेच आवडेल का?

चांदवा
तुमचे ऑफिसवाले चुकीचं सांगत नाहीत, पण वेगळ्या गोष्टीबद्दल सांगतायत. भिगवण म्हणजे उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी. कुंभारगाव, डिकसळ या बाजूंनी मच्छीमार बोटीतून नेतात. रोहितच बघायचे असतील तर तिकडेच जा. पण ठाण्याहून अंतर वाढतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चिखलातून बोटीत चढ-उतार करणं अवघड जातं. नांदूरला काठाने चालायचं, मनोऱ्यावर किंवा खाली उभं राहून बघायचं. सासूबाईंना मनोरा चढायला नको असेल तर घडीची खुर्ची घेऊन खाली काठाशी बसवा. जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, कवड्या खंड्या हे काठालगतच असतात. उंचीची गरज मधल्या बेटांवरच्या बदकांसाठी.

मुलांना यादी पाठ करायला लावू नका, हालचाली बघायला सांगा. कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवरून चालतो तेव्हा त्याच्या लांबच लांब बोटांनी वजन कसं पसरतं. चमचा (स्पूनबिल) चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो, मासा चोचीला लागला की झप्प मिटते. थापट्यांचा थवा एकाच जागी गोल फिरत असतो, त्यामुळे तळातलं खाणं वर येतं आणि मागचा पुढच्याने ढवळलेलं गाळून घेतो. आणि सगळे वारकरी (काळे पाणपक्षी, कूट) एकदम पाण्यावरून पळत सुटले तर वर बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसाच्या अगदी माथ्यावरून येत असतो. अकरा वर्षांच्या मुलाला हे एकदा कळलं की तो तुमच्या आधी शिकारी पक्षी दाखवेल.

क्रौंच आणि करकोचे मात्र पाण्यावर शोधू नका. सकाळी ते हरभऱ्याच्या आणि कापणी झालेल्या रानांत चरायला जातात. येता-जाता शेतांकडे लक्ष ठेवा. गाडी रस्त्यावरच थांबवा आणि आतूनच बघा. कुणाच्या पिकात पाय घालू नका आणि द्राक्षबागेत तर नाहीच. फवारणी चालू असते आणि बागाईतदार आधीच पाखरांनी वैतागलेले असतात.

गोदाकाठ
धुक्याबद्दल: जानेवारीत तिथे सूर्योदय सात-सव्वासातला. धुकं दाट असेल तर आठ-साडेआठपर्यंत समोरचं काही दिसत नाही. तरी सातला गेटवर असा. धुक्यात पक्षी काठाजवळ बिनधास्त असतात, आणि ते विरळ होतं त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांत जवळून दिसतात. उन्हाबरोबर माणसं आली की आत सरकतात. साडेआठ ते दहा ही तुमची मुख्य वेळ धरा. ऊन डोळ्यावर येत असेल तर मनोरा बदला, हट्टाने तिथेच उभं राहू नका. उन्हासमोर सगळीच बदकं काळी दिसतात. दहानंतर देऊळ, जेवण आणि परत. दुपारी तीनपर्यंत तिथे रेंगाळण्यात मुलं कंटाळण्यापलीकडे काही होत नाही. पुन्हा बघायचंच असेल तर चारनंतर.

कपडे मातकट, हिरवे, राखाडी. लाल जर्किन आणि पांढरी टोपी टाळा. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलवायचं नाही. आपल्याला गंमत, त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, मग खाणं सोडून तो भांडायला येतो. ड्रोन तर मुळीच नाही, अभयारण्यात परवानगीशिवाय उडवणं गुन्हा आहे आणि एका घिरटीत अख्खं पाणी रिकामं होतं.

ठाणे_पश्चिम
शेवटचं. सासऱ्यांकडे डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स आहे. चालेल? फोटोत मागच्या वेळी बगळे नुसते पांढरे डाग आले होते.

काचभिंग
काठाच्या पक्ष्यांना चालेल, बेटांवरच्या बदकांना ३०० कमी पडतं. ते स्कोपमधूनच बघा. डागांचं कारण असं की गडद पाणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरी पिसं जळतात. बगळा, चमचा यांना एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करायला सांगा. उलट चकाकत्या पाण्यावरचा काळा वारकरी असेल तर तेवढाच वाढवायचा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या आसपास, आयएसओ आपोआपवर सोडून. मनोऱ्यावर ट्रायपॉड उघडू नका, जागा अडते. कठड्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तीवर लेन्स टेकवली की पुरते.