मदत हवी आहे: मुलगा सगळं मोबाईलवर शोधतो, लक्षात काहीच राहत नाही

मंडळी, हर्णैहून लिहितेय. मुलगा नववीत आहे. परवा आजोबांनी त्याला विचारलं, "आज अष्टमी, भरती किती वाजता रे?" त्याने लगेच मोबाईल काढला. चौथीत असताना हाच हिशेब त्याला तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराला ओहोटी. आजोबा काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास वाचला. माहिती संगणकात साठून राहणार असं वाटलं की लोक ती कमी लक्षात ठेवतात, पण ती कुठे ठेवली आहे हे बरं आठवतं. त्यातला एक प्रयोग २०१८ मध्ये पुन्हा करून पाहिला, तेव्हा तोच निकाल आला नाही. त्यामुळे सगळा दोष मोबाईलला द्यावा असं मला वाटत नाही.

रोडिगर आणि कार्पिक यांचं २००६ चं काम मला जास्त कामाचं वाटतं. धडा पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा, न बघता आठवून लिहिला तर आठवड्यानंतरही जास्त टिकतो.

म्हणून "आधी आठव, मग शोध" असं घरी सुरू केलंय. दोन दिवसांत तो कंटाळला. "उत्तर हाताशी असताना डोकं का शिणवू?" म्हणतो.

तुमच्या घरी हे कुणी टिकवलंय का? कसं? शोधण्याआधी किती वेळ थांबायला लावता? शिक्षक असाल तर जरूर लिहा.