वॉशरची टाकी परत गळतेय, गाडी शनिवारी लागणार आहे

प्रेषक: माई

नमस्कार मंडळी,
आमच्या जुन्या हॅचबॅकची काच धुण्याच्या पाण्याची टाकी परत गळायला लागली आहे. काठोकाठ भरली की सकाळपर्यंत निम्म्यावर येते आणि मग तिथेच थांबते. पाणी पुढच्या उजव्या चाकाच्या मागे पडतं. शनिवारी सामान हीच गाडी आणणार, हे ठरलेलंच आहे. मागच्या वेळी नानांनी बघून दिली होती, पण ते या आठवड्यात गावाला गेलेत. गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले, बंपर उतरवून अख्खी टाकीच बदलू. खरंच बदलावी लागेल का?

प्रेषक: तात्या

माई, टाकी बदलू नका. एम-सील मळून फटीवर चेपून लावा, रात्रभर वाळू द्या. तोपर्यंत साधं नळाचं पाणी भरत राहा, त्याने काही बिघडत नाही.

प्रेषक: बापू

एम-सील कशाला? पंपाचं ग्रॉमेट गेलं असणार. टाकीच्या तळाशी पंप ज्या रबरी कडीत बसतो ती काही वर्षांनी कडक होते आणि चिरते. दहातल्या नऊ टाक्या तिथेच गळतात. नवीन ग्रॉमेट आणा, साबणाच्या पाण्यात बुडवून बसवा, काम झालं.

प्रेषक: अण्णा

> दहातल्या नऊ टाक्या तिथेच गळतात

बापू, ग्रॉमेट तळाशी असतं. ते गळलं तर टाकी जवळजवळ पूर्ण रिकामी होईल, निम्म्यावर थांबणार नाही. माईंनी दिलेली सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे आणि तिकडे कुणी बघितलंच नाही. पाणी जिथे थांबतं, गळतीचं तोंड त्याच उंचीवर असतं.

आता त्या उंचीवर तीन गोष्टी असू शकतात. एक, टाकीलाच चीर. दुसरी, भरायच्या नळकांड्याचा जोड. बऱ्याच गाड्यांत नळकांडं वेगळं असून टाकीत रबरी रिंगेवर बसतं. तिसरी शक्यता सगळे विसरतात: पंपातून वर जाणारी नळी तेवढ्या उंचीवर तुटलेली किंवा निसटलेली असणं. हा पंप झडपेसारखा बंद होत नाही. तो चालू नसतानाही पाणी त्याच्या पंख्यातून आरपार जातं, त्यामुळे नळी जिथे उघडी पडली असेल त्या पातळीपर्यंत टाकी आपोआप रिती होते.

कुठलं ते ओळखायला टाकी भरा आणि पंपाजवळच नळी क्लॅम्पने दाबून ठेवा. हॅचबॅकला मागच्या काचेची दुसरी नळी असते, तीही दाबा. पातळी टिकली तर दोष नळीत, उतरली तर टाकीत किंवा जोडात. बंपर काढायची घाई नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या कमानीतल्या काळ्या लायनरच्या पुढच्या क्लिपा काढल्या की बहुतेक गाड्यांत हात पोचतो. चाक काढावंच लागलं तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून आत हात घालू नका.

आणि तात्या, या टाक्या पॉलिएथिलीनच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या असतात. त्यांवर एम-सीलच काय, कुठलीच एपॉक्सी नीट धरत नाही, गाडीच्या हादऱ्यांनी खपली निघून येते. चीर असेल तर टोकांना बारीक भोकं पाडायची, म्हणजे ती पुढे सरकत नाही, आणि सोल्डरिंग आयर्नने त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून भरायची. टाकीवर पीई की पीपी ते कोरलेलं असतं. एकावर दुसरं चिकटत नाही.

प्रेषक: तात्या

आमच्या आधीच्या गाडीला एम-सील दोन हिवाळे टिकलं होतं. एवढंच सांगतो.

प्रेषक: वहिनी

> साधं नळाचं पाणी भरत राहा

मी फक्त याबद्दल लिहिते. तात्या, हे कृपा करून सांगू नका. कोमट, साचलेल्या साध्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात आणि काचेवर मारलेल्या फवाऱ्याचे तुषार आपण श्वासात घेतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात टाकीत नुसतं पाणी वापरण्याचा आणि लिजिओनेअर आजाराचा (या जिवाणूंमुळे होणारा गंभीर न्यूमोनिया) संबंध दिसला होता. थंडीचा मुद्दा वेगळाच. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, तात्यांच्या टाकीला मुळात चीर कशाने पडली असेल? वॉशरचं द्रव घाला. मात्र त्यात मिथेनॉल असू शकतं, तेव्हा ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीच काढून ठेवू नका. घरात नातवंडं आहेत.

प्रेषक: बापू

वहिनी, मग रेडिएटरचं कूलंट चालेल का? तेही गोठत नाही आणि माझ्याकडे अर्धा कॅन पडून आहे.

प्रेषक: वहिनी

नाही भावजी. काचेवर तेलकट थर बसतो, समोरून दिवे आले की काहीच दिसत नाही. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, खाली सांडलेलं कुत्र्यांनी चाटलं तर जिवावर बेततं.

प्रेषक: सचिव

नळीचे क्लॅम्प आणि सोल्डरिंग आयर्न मंडळाच्या कपाटात आहेत. पण औजारांची वही माझ्याकडे असते, परस्पर कुणी नेऊ नये. स्नेहसंमेलनानंतर ड्रिल कुठे गेलं ते अजून कळलेलं नाही. माई, तुमच्या नावावर लिहून ठेवतो.

प्रेषक: माई

अण्णा, क्लॅम्प लावून ठेवले आणि सकाळी पातळी जशीच्या तशी होती. लायनर बाजूला केल्यावर दिसलं: मागच्या काचेकडे जाणाऱ्या नळीचा कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांधा उभा चिरलाय. टाकी चांगली आहे. नवीन सांधा घेताना काय बघू?

प्रेषक: अण्णा

नळीचा आतला व्यास मोजून घ्या, बाहेरचा नव्हे. जुन्या नळीची टोकं कडक झाली असतील तर बोटाएवढा भाग कापून टाका, लांबी पुरत नसेल तर तेवढा तुकडा नवीन जोडा. टोक गरम पाण्यात धरलं की सांध्यावर सहज चढतं. त्या सांध्यात एकेरी झडप आहे का तेही पाहा. असेल तर बाणाची दिशा काचेकडे हवी, उलटी बसली तर पाणी मागे पोचणारच नाही. मग टाकी भरून दोन्ही वॉशर चालवा आणि खाली कोरडा पुठ्ठा ठेवून तासाभराने बघा. हे सगळं झाल्यावरच लायनरच्या क्लिपा लावा.