नऊ वर्षांच्या भाचीसाठी पहिला रिमोटचा ट्रक : काळ्या मातीच्या गावात कोणता टिकेल?

प्रश्न – पांदणवाट (दारव्हा तालुका)

नमस्कार. माझी भाची पोळ्याच्या सुमारास नऊ वर्षांची होते आणि या वेळी तिने रिमोटवर चालणारा ट्रक मागितला आहे. तान्ह्या पोळ्याला आपल्या लाकडी बैलाची चाके तिने स्वतः काढून, तेल घालून पुन्हा बसवली होती, आणि घरच्या फवारणी पंपाचा स्विच बंद पडला तेव्हाही पेचकस घेऊन सर्वांत आधी तीच बसली होती. त्यामुळे चार दिवस पळवून माळ्यावर टाकावे लागेल असे खेळणे तिला देण्याची माझी इच्छा नाही.

घरासमोर सारवलेले अंगण आहे, मागे खळे आहे आणि खळ्यापासून वावरापर्यंत मुरूम टाकलेली पांदण जाते. बाकी सगळीकडे काळी माती आहे, जी पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. यवतमाळच्या दुकानांत मोठमोठ्या चाकांचे, चकचकीत ट्रक पाहिले. परंतु त्यांपैकी एखादा बिघडल्यास त्याचा भाग कोठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर एकाही दुकानदाराकडे नव्हते. सहा ते सात हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आकार केवढा असावा, बॅटरी कोणती असावी आणि या वयाला वेग किती योग्य ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – धुरा (अकोला)

भाऊ, तुम्ही दुकानदाराला विचारलेला प्रश्न हाच निवडीचा पहिला निकष ठेवावा. बाजारात दोन जातींचे ट्रक मिळतात. पहिल्या जातीत रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारे यंत्र आणि स्टिअरिंगची जोडणी हे सगळे एकाच सर्किटवर असते; त्यातील एक भाग जळला की पूर्ण सर्किट निकामी होते आणि तसले सर्किट सहसा सुटे मिळत नाही. दुसऱ्या जातीला हॉबी-ग्रेड म्हणतात. तिच्यात मोटर, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे यंत्र) हे बहुधा वेगवेगळे असतात, वायरच्या टोकांना प्लग असतात आणि गिअरपासून बंपरपर्यंतचे भाग मॉडेलच्या क्रमांकावरून मागवता येतात. म्हणून ट्रक पसंत पडला की पैसे देण्याआधी त्याच्या नावापुढे सर्व्हो, अ‍ॅक्सल आणि डिफरेन्शिअल गिअर असे लिहून ऑनलाइन शोधावे (यांतला दुसरा भाग म्हणजे चाकांचा दांडा आणि तिसरा म्हणजे वळताना दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर). हे तीनही भाग भारतातील विक्रेत्याकडे दिसत नसतील, तर ट्रक कितीही देखणा असला तरी तो सोडून द्यावा.

दुकानात करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. ट्रक उचलून धरावा, दोन्ही स्विच सुरू करावेत आणि रिमोटचे स्टिअरिंग हळूहळू अर्धेच वळवावे. पुढची चाके हाताबरोबर वळत जाऊन मध्येच थांबली, तर स्टिअरिंग प्रमाणशीर आहे. हात थोडा हलताच चाके फटकन टोकापर्यंत गेली, तर त्या ट्रकला डावे, उजवे आणि सरळ एवढ्या तीनच गोष्टी समजतात, आणि अशा ट्रकवर मुलाचा हात कधीच बसत नाही. वेगाची कळही अशीच तपासावी. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा असावा, कारण त्यात रिमोट आणि ट्रक यांची जोडी पक्की बांधलेली असते आणि शेजारच्या मुलाने आपला ट्रक आणला तरी दोघांचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या पद्धतीच्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या एकत्र आल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी धावू लागते.

आकाराबद्दल सांगायचे तर १:२४ चा, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढा, चिमुकला ट्रक तुमच्या मातीत चालणार नाही. उन्हाळ्यातील भेगेत त्याचे अख्खे चाक उतरते. १:१० चा चांगला ट्रक तुमच्या रकमेत बसत नाही, शिवाय त्याचे वजन दोन किलोच्या आसपास असते आणि तो वेगात असताना पायावर आदळला तर लहान मुलाला चांगलीच इजा होऊ शकते. १:१६ हे प्रमाण मधले आहे आणि माझ्या मते तुमच्यासाठी तेच योग्य ठरेल.

त्यातही क्रॉलर घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. क्रॉलर म्हणजे माणसाच्या चालीने जाणारा, चारही चाकांना ताकद असणारा आणि गोट्या-ढेकळांवरून चढणारा ट्रक. डब्ल्यूपीएल या चिनी कंपनीचा सी-२४ हा १:१६ चा पिकअप या प्रकारात मोडतो आणि तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकला जातो. तुमच्या भाचीसारख्या मुलीला संच द्यावा आणि तिच्या शेजारी बसून तो तिच्याच हातून जोडून घ्यावा, कारण जिने गिअरपेटी स्वतः भरली आहे, तिला पुढे कोणता आवाज कोठून येतो हे सांगावे लागत नाही. फक्त संच मागवताना त्यात मोटर, रिमोट, बॅटरी आणि चार्जर आहेत की ते वेगळे घ्यावे लागतील, हे नीट वाचून घ्यावे.

प्रतिसाद – सरकी (हिंगणघाट)

दादा, धुरा यांनी ट्रकबद्दल लिहिले आहे. मी केवळ बॅटरीबद्दल लिहिते, कारण आपल्याकडच्या घरांत हा विषय जिवाशी निगडित आहे.

या ट्रकमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. निकेल-मेटल हायड्राइडचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो आणि सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी बनते. लिथियमचा प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा असतो, तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर जातो आणि दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी बनते. लिथियम हलकी आणि जोरकस असते. परंतु ती प्रमाणाबाहेर भरली, प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरेपर्यंत वापरली किंवा आदळून चेपली, तर फुगते आणि पेटूही शकते. निकेलची बॅटरी जड असते, ती लवकर उतरते, पण हयगय बरीच सहन करते. नऊ वर्षांच्या मुलीच्या पहिल्या ट्रकला शक्य असल्यास निकेलचीच बॅटरी घ्यावी. लिथियमच आली, तर व्होल्टेज खाली गेल्यावर ट्रक आपोआप थांबवणारी सोय ईएससीमध्ये आहे याची खात्री करावी, आणि दोन्ही सेल समान भरणारा, त्याच बॅटरीसाठीचा चार्जर वापरावा.

तुमच्या घरी फवारणीचा पंप आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. पंपाची बॅटरी साधारणपणे १२ व्होल्टची, शिशाची असते आणि तिचा चार्जर तेवढ्या व्होल्टच्या बॅटरीसाठीचा असतो, म्हणजे ट्रकच्या बॅटरीला तो फार जास्त होतो. पिन जुळते किंवा वायर जोडता येते म्हणून तो चार्जर ट्रकच्या बॅटरीला कधीही लावू नये. तुमची भाची वस्तू उघडून पाहणारी आहे, तेव्हा हे तिला कारणासह समजावून सांगावे आणि दोन्ही चार्जरवर वेगवेगळ्या रंगाची पट्टी चिकटवावी.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. दिवाळीनंतर भाव येईपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच रचून ठेवतात. कित्येक घरांत समोरच्या खोलीत छतापर्यंत गंजी लागलेली असते आणि बॅटऱ्या चार्ज करण्याचा बोर्डही नेमका त्याच खोलीत असतो. त्या खोलीत, किंवा कापूस भरलेल्या गाठोड्याजवळ, ट्रकची बॅटरी चार्ज करू नये. ओसरीत फरशीवर किंवा मातीच्या परातीत बॅटरी ठेवावी, आसपास कापड किंवा कुटार नसावे, आणि मोठे माणूस जागे व घरी असेल तेव्हाच चार्जिंग लावावे. रात्री लाईन येईल तेव्हा आपोआप चार्ज होईल म्हणून पिन लावून झोपण्याची सवय पंपाच्या बाबतीत सर्वांना आहे. ती येथे पूर्णपणे बंद ठेवावी.

उन्हाळ्याचाही विचार करावा. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगसाठी ४५ अंशांची वरची मर्यादा दिलेली असते आणि मे महिन्यात आपल्या भागात हवेचाच पारा तेथपर्यंत पोहोचतो, मग टिनाच्या छपराखाली काय होत असेल ते सांगायला नको. ट्रक चालवून आणल्यावर बॅटरी कोमट असेल तर ती थंड होऊ द्यावी आणि चार्जिंग सकाळीच उरकावे. सुटीनंतर ट्रक बरेच दिवस वापरला जाणार नसेल, तर लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा.

प्रतिसाद – मुरूम (चिमूर)

सरकीताईंच्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. क्रॉलरच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते. क्रॉलरची खरी मजा दगडधोंड्यांत, चढउतारात असते. मोकळ्या अंगणात आणि सपाट पांदणीवर मुलांना गाडी धावताना पाहायची असते, आणि चालीच्या वेगाने जाणाऱ्या ट्रकचा बहुतेक मुलांना काही आठवड्यांतच कंटाळा येतो. मुलगी अंगणातच खेळणार असेल, तर १:१६ चा, चारही चाकांवर चालणारा, दोन वायरींच्या साध्या ब्रश मोटरचा मॉन्स्टर ट्रक (मोठ्या चाकांचा, धावणारा ट्रक) घ्यावा, मात्र रिमोटवर वेग मर्यादित करण्याची सोय असलेलाच घ्यावा. ट्रॅक्सस या अमेरिकी कंपनीच्या अनेक ट्रकमध्ये वेग निम्म्यावर आणणारी प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. ते ट्रक तुमच्या रकमेच्या बरेच पलीकडचे आहेत, पण त्यापेक्षा स्वस्त ट्रकच्या रिमोटवरही मर्यादेचे बटण किंवा फिरकी असते. सुरुवातीला ती मोठ्या माणसाने लावून द्यावी आणि हात बसेल तशी वाढवावी.

ब्रशलेस मोटरच्या मोहात पडू नये. तिला तीन वायरी असतात, ती ताकदवान आणि टिकाऊ असते, परंतु तिचा ईएससी महाग असतो आणि तो जळला तर तालुक्याच्या गावात कोणालाही दुरुस्त करता येत नाही. ब्रश मोटरची तुटलेली वायर पंप किंवा मोबाइल दुरुस्त करणारा कोणताही कारागीर डाग देऊन जोडून देतो.

किमतीबद्दलही थोडे लिहितो, म्हणजे परदेशी संकेतस्थळावरील भाव पाहून गैरसमज होणार नाही. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के करण्यात आले. तसेच १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) प्रमाणपत्र सक्तीचे आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. डब्यावर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक शोधावा. हॉबी-ग्रेड ट्रकवर बहुधा चौदा वर्षांवरील असे छापलेले असते. याचा अर्थ ते त्याहून लहान मुलांसाठी बनवलेले नाहीत असा होतो. तरीही द्यायचेच असतील, तर मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरू द्यावेत आणि देखरेख करायला घरात कोणी नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्नकर्ता – पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. चार्जरच्या पट्ट्यांची सूचना मी आजच बहिणीला फोनवर कळवली. त्यांच्याकडेही कापूस समोरच्याच खोलीत असतो.

क्रॉलर की धावणारा ट्रक, यावर बराच विचार केला. मुलीचा ओढा धावण्यापेक्षा उघडून पाहण्याकडे अधिक आहे, खळ्याच्या कडेला गोट्यांचा ढीग आहे आणि धुऱ्यावर चढउतारही पुरेसा आहे, म्हणून १:१६ चा क्रॉलर संच घेण्याचे ठरवत आहे. उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी, एक जादा सर्व्हो आणि षटकोनी पान्ह्यांचा लहान संच घेईन. आता दोन शंका उरतात. पोळ्याच्या वेळी सगळीकडे चिखल असेल, तेव्हा ट्रक कोठे चालवू द्यावा? आणि नंतर कापूस वेचणीच्या दिवसांत अंगणभर रुई उडते, तिचा गिअरला त्रास होईल का?

प्रतिसाद – धुरा (अकोला)

निवड उत्तम आहे. ओल्या काळ्या मातीत ट्रक उतरवूच नये. ती माती ओली झाली की फुगते आणि चाकाच्या खाचांत बसते. प्रत्येक फेऱ्यागणिक थर वाढत जातो, शेवटी चाक बंपरला घासू लागते आणि फिरायला जागा न उरल्याने मोटर तापून जळते. डब्यावर पाण्यापासून सुरक्षित असे लिहिले असले, तरी ते फार तर शिंतोड्यांपुरते धरावे. पावसाळ्यात मुरमाची पांदण, देवळासमोरची फरशी किंवा शाळेचा ओटा या जागा बऱ्या. माती लागलीच तर ट्रक धुऊ नये. ती वाळू द्यावी आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने झाडून काढावी.

रुईचा त्रास नक्की होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. चाकाचा नट काढून चाक ओढले की आत अ‍ॅक्सलभोवती करड्या रंगाची घट्ट कडी दिसते. रुईचे तंतू, सुतळीचे धागे आणि केस पिळले जाऊन ती तयार होते. ती बेअरिंगवर दाबून बसते, ग्रीस शोषून घेते आणि चाक जड फिरू लागते. सुईच्या टोकाने ती कडी एका जागी तोडावी, मग चिमट्याने उलट दिशेने उलगडत काढावी आणि जागेवर ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. वेचणीच्या दिवसांत दर रविवारी चारही चाके उघडण्याचे काम भाचीकडेच सोपवावे. त्याच वेळी मोटरचा लहान गिअर आणि त्याला लागून असलेला मोठा गिअर पाहावा. मोटर मागेपुढे सरकवण्याची सोय असेल, तर दोन्ही गिअरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून धरावी, स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून कागद बाहेर काढावा; तेवढी फट राहिली की गिअर ना ओरडतात ना झिजतात.

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लावावी. सुरू करताना आधी रिमोट आणि मग ट्रक, बंद करताना आधी ट्रक आणि मग रिमोट. क्रम उलटा झाला तर काही ट्रक संदेशाविना भलत्याच दिशेने सुटतात, आणि वावरात कठडा नसलेली विहीर असेल तर तिच्या बाजूला ट्रक न्यायचाच नाही, हेही तिला त्याच दिवशी सांगून ठेवावे.